मुरलेल्या तारा

विलासराव ओगल्यांची सगळी नोकरी वस्तू लवकर म्हाताऱ्या करण्यात गेली. बेंगळुरूच्या एका सरकारी प्रयोगशाळेत त्यांच्या विभागाचं कामच ते होतं. यंत्राचा एखादा सुटा भाग घ्यायचा, तो उष्ण पेटीत भाजायचा, थंड पेटीत गोठवायचा, वर मिठाच्या पाण्याचा फवारा मारायचा, आणि वीस वर्षांनी त्याची जी दशा होणार ती महिन्याभरात करून दाखवायची. एवढं करून तो भाग टिकला तर विमानात जायचा, नाही टिकला तर ज्याने बनवला त्याला विलासराव अत्यंत सभ्य इंग्रजीत पत्र लिहायचे. निवृत्तीनंतर ही विद्या वाया जाणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. त्यांच्या पत्नी स्मितावहिनींनी तर देवाचे आभारही मानले होते.

पण जावयाने वाढदिवसाला हेडफोन दिले. तनय हा जावई पुण्याचा, नोकरी संगणकाची, राहायला बेळ्ळंदूरच्या उंच इमारतींच्या वसाहतीत. त्याने सासऱ्यांना खूश करायला त्या हेडफोनवर जुनी गाणी लावून दिली. जुनी म्हणजे विलासरावांना वाटलं भावगीतं असतील. निघाली अमेरिकेतली, साठच्या दशकातली. सोल संगीत म्हणतात त्याला. एक बाई जीव तोडून गात होती, आणि विलासरावांचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. तिच्या खाली कोणीतरी चालत होतं. निवांत, पण एकही पाऊल चुकीच्या जागी न टाकता. मध्येच थबकायचं, बाईला पुढे जाऊ द्यायचं, आणि ती पडायच्या आत खाली हात धरून उभं. विलासरावांनी ते गाणं पुन्हा लावलं. मग पुन्हा लावलं. संध्याकाळी तनयला फोन करून विचारलं, "हा खाली कोण आहे?"

"तो बेस गिटार आहे, बाबा."

विलासरावांना आयुष्यात प्रथमच आपल्या स्वभावाचं वाद्य भेटलं होतं. तनयच्या हौशी बँडमध्ये बेस वाजवणारा अभिजीत त्याच सुमारास बदली होऊन हैदराबादला निघाला होता आणि त्याला आपली गिटार कोणाच्या तरी घरी ठेवायची होती. "बाबा, तुम्हीच शिका आता," असं तनय हसत म्हणाला. विलासरावांना हसत म्हटलेल्या गोष्टी कळत नाहीत. पुढच्या रविवारी ते राजाजीनगरहून बेळ्ळंदूरला जाऊन गिटार, तिचा अ‍ॅम्प्लिफायर आणि वायरींचं भेंडोळं घेऊन आले. अभिजीतने हैदराबादहून फोनवर शिकवणी सुरू केली. वर्षभरात विलासरावांना पाच-सहा गाणी येऊ लागली आणि बँडलाही दुसरं कोणी मिळत नव्हतं, तेव्हा ठरलं की तनयच्या वसाहतीत नवमीच्या संध्याकाळी जो कार्यक्रम होतो, त्यात ते वाजवणार.

आता खरी अडचण सांगायला हवी. स्मितावहिनींना बेस ऐकूच येत नव्हता.

कान बिघडलेले नव्हते, उलट फार चांगले होते. वहिनी गल्लीतल्या मुलींना भावगीतं शिकवत आणि शेजारच्या खोलीतून, भाजी चिरता चिरता, "वरचा मध्यम लागला नाही ग" असं सांगत. पण त्यांचा कान गाणाऱ्या गळ्याला चिकटलेला. विलासराव त्यांना फोनवर गाणं ऐकवत, तर फोनच्या एवढ्याशा तोंडातून बेस येतच नाही. हेडफोन लावून दिला तर त्या डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत आणि म्हणत, "बाई छान गाते, पण जरा नाकात आहे." विलासराव स्वतः वाजवून दाखवत, तर वहिनी सौजन्याने थोडा वेळ थांबून विचारत, "मग गाणं कधी सुरू होणार?"

हे विलासरावांना लागलं. बायकोच्या रियाजाला त्यांनी वर्षानुवर्षं टेबलावर ठेका धरला होता, तिच्या कार्यक्रमांना पेटी उचलून नेली होती आणि मागच्या रांगेत बसले होते. त्याबद्दल त्यांची कसलीही तक्रार नव्हती. आता एवढंच हवं होतं, की एकदा तरी तिला ते खालचं ऐकू यावं. टाळ्या नकोत, कौतुक नको. नुसतं ऐकू यावं. नवमीला मोठे स्पीकर असणार होते. त्यांची सगळी भिस्त नवमीवर होती.

घरात ऐकू येत नसलं तरी खालच्या मजल्यावर मात्र उत्तम ऐकू येत होतं. तिथे नरसिंहराव राहत. मूळचे देशस्थ, पण चार पिढ्या बेंगळुरात गेल्यामुळे त्यांच्या मराठीत कानडी असं मुरलेलं, की कुठून कुठे काय सुरू झालं ते त्यांनाही सांगता येत नसे. ते एकदा वर आले.

"विलासअण्णा, रागावू नका. तुम्ही वाजवता तेव्हा आमच्या हेमलताचे स्टीलचे डबे गुणगुणतात. सगळे नाही. स्वल्पच."

दुसऱ्या कोणी माफी मागितली असती. विलासरावांचा चेहरा उजळला. "कुठले डबे?" ते म्हणाले, आणि लगेच खाली गेले. वर तनयच्या बायकोला, म्हणजे आपल्या मुलीला, भार्गवीला बसवलं आणि एकेक स्वर वाजवायला सांगितला. स्वतः नरसिंहरावांच्या स्वयंपाकघरात स्टुलावर उभे राहून कान लावला. साखरेचा डबा एका स्वराला बोलतो, कॉफीचा फिल्टर दुसऱ्याला, आणि मेथीचा डबा कशालाच नाही, असं निष्पन्न झालं. त्यांनी साखरेच्या डब्याखाली फडकं घातलं आणि फिल्टर दोन बोटं सरकवला. डबे गप्प झाले. हेमलताअक्कांना मात्र फिल्टर नव्या जागी सापडेना, म्हणून आठवडाभर दोन्ही घरांत बोलणं जरा जपून चाललं होतं.

तरीही विलासरावांचं समाधान होत नव्हतं. हात बसला होता, पण आवाज तो नव्हता. मूळ गाण्यातला आवाज जाड, बसका, उशीवर गुद्दा मारल्यासारखा. यांचा आवाज झणझणीत, तारेचा. अभिजीतला विचारलं. तो म्हणाला, "काका, त्या लोकांच्या तारा जुन्या असायच्या. वर्षानुवर्षं बदलत नसत. घामाने, मळाने अगदी भरलेल्या. काही जण तर घोडीजवळ, म्हणजे तारा खाली टेकतात तिथे, तारांखाली फोमचा तुकडा घालायचे. आणि बरेचसे एकाच बोटाने वाजवायचे."

जुन्या तारा. विलासरावांनी फोन ठेवला. आपली सगळी नोकरी ही याची पूर्वतयारी होती, अशी भावना त्यांच्या मनात दाटून आली.

त्यांनी गुळगुळीत, चपट्या वेटाळ्याच्या नव्या तारा मागवल्या आणि कामाला लागले. आधी मिठाच्या पाण्याचा फवारा झाला. त्याने एक तार गंजून तुटली, तेव्हा ती चाचणीत नापास धरून दुसरी आणली. मग गिटार स्वयंपाकघरात, फोडणीच्या धुराच्या वाटेवर टांगली. स्मितावहिनींनी एक दिवस सोसलं आणि दुसऱ्या दिवशी ती दिवाणखान्यात आणून ठेवली. "पाहुण्यांसमोर वाजवाल तेव्हा हिंगाचा वास येईल," एवढंच त्या म्हणाल्या. फोमसाठी पाहुण्यांच्या गादीचा एक कोपरा गेला, पण ते गादीवर झोपणाऱ्या आत्यांना कळेपर्यंत वेळ होता.

उपाय शेवटी नरसिंहरावांनी सुचवला. दोघं सकाळी फिरायला जात, बरोबर आणखी चार निवृत्त मंडळी असत, आणि सगळे जण परतताना कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, म्हणजे बिनखुर्च्यांच्या हॉटेलात, उभ्याने बेण्णे दोसे खात. बेण्णे म्हणजे लोणी, आणि तिथला दोसा त्याच्या नावाला जागणारा.

"अण्णा, घाम आणि मळ कशाला शोधता? हे बघा," नरसिंहराव आपली पाच बोटं दाखवत म्हणाले. ती चमकत होती. "हात धुवायचे नाहीत. सरळ तुमच्या घरी. प्रत्येकाने तारा स्वल्प चोळायच्या. महिन्यात वीस वर्षं होतील."

विलासरावांनी त्यांच्या पायाशी वाकायचं तेवढं बाकी ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सहा सन्माननीय पेन्शनर रांगेने जिना चढत, हात किंचित पुढे धरून, कशालाही स्पर्श न करता. विलासराव कोपराने बेल दाबत. मग एकेक जण गिटारीच्या चारही तारा वरपासून खालपर्यंत मनोभावे चोळी. एकाने सांबाराचे हात लावले म्हणून त्याला परत पाठवण्यात आलं, कारण सांबारात चिंच असते आणि चिंच तार साफ करते. वादावादी झाली. तो निवृत्त न्यायालयीन अधिकारी होता आणि त्याने असा नियम आधी जाहीर झाला नव्हता असा मुद्दा मांडला. पुढे तो फक्त दोसाच खाऊ लागला.

इकडे एका बोटाने वाजवण्याचा परिणाम बोटावर होत होता. उजव्या हाताच्या तर्जनीला आधी फोड आला, मग तो फुटला, मग तिथली कातडी जोड्याच्या तळासारखी झाली. त्याचं विलासरावांना काही वाटत नव्हतं. पण बँकेत ओळख पडताळायला बोलावलं, आणि तिथल्या यंत्राने त्यांचं बोट ओळखायला साफ नकार दिला. पुन्हा ठेवा, पुसून ठेवा, दाबून ठेवा, सगळं झालं. खिडकीतली मुलगी कानडी, पण हिंदीत बोलत होती.

"अंकल, आप काम क्या करते हैं?"

निवृत्तीनंतर विलासरावांना कोणी हे विचारलं नव्हतं. ते ताठ बसले आणि म्हणाले, "बेस बजाता हूँ." मुलीने मागच्या साहेबाकडे बघितलं. साहेब उठून आला आणि त्याने फार हळुवार आवाजात घरी कोण कोण असतं ते विचारलं. शेवटी डाव्या करंगळीवर ते विलास ओगलेच असल्याचं मान्य झालं. त्या यंत्राशी वितुष्ट आलं ते कायमचंच.

तालमींना बेळ्ळंदूरला जावं लागे. जाण्या-येण्याचा त्रास इथे सांगत नाही. त्या रस्त्यावर जो एकदा अडकला आहे त्याला सांगायची गरज नाही आणि जो अडकलेला नाही त्याला ते खरं वाटणार नाही. त्रास होता वसाहतीच्या फाटकाचा. तिथे येणारी प्रत्येक गोष्ट फोनवरच्या यंत्रणेत नोंदवावी लागे. गिटारीची काळी पेटी माणसाच्या छातीपर्यंत उंच, म्हणून पहारेकऱ्याने ती फर्निचरमध्ये घातली. फर्निचर रविवारी आत येत नाही. तालीम रविवारीच असायची. तनयने यंत्रणा उघडून बघितली, तर रविवारी आत येण्याजोग्या गोष्टींत पाहुणे, भाजीपाला आणि पाळीव प्राणी एवढेच होते. त्याने मुकाट्याने शेवटचं निवडलं. पहारेकरी पेटीपासून दोन पावलं लांब उभा राहिला आणि लसीकरणाचा दाखला मागू लागला. भार्गवीने खाली येऊन हा प्राणी चावत नाही असं लेखी दिलं, तेव्हा फाटक उघडलं.

एवढं सगळं सोसलं, पण नवरात्र बसेपर्यंत तारा मुरल्या. विलासरावांनी एका सकाळी, दोसामंडळी गेल्यावर, गादीचा फोम घोडीजवळ सारला, तर्जनीने पहिला स्वर छेडला आणि हात तसाच राहिला. तोच आवाज होता. जाड, बसका, कुठेही न चमकणारा. खालून नरसिंहरावांनी छताला काठीने दोनदा ठोकून पसंती कळवली. विलासरावांनी मान वर करून स्वयंपाकघराकडे बघितलं. स्मितावहिनी डाळ धूत होत्या.

"ऐकलंस?"

"काय?" त्या म्हणाल्या. "कोणी आलं का?"

नवमीला मोठे स्पीकर होते.

नवमी उजाडली. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात ते ठीकच, पण बेंगळुरूत त्या दिवशी जे जे हलतं आणि जे जे चालतं त्याची पूजा होते. बसला हार, रिक्षाला केळीचे खुंट, लिफ्टला कुंकू. ओगल्यांच्या घरी मात्र पाटावर दरवर्षी विळी, शिवणयंत्राची कात्री, वहिनींची पेटी आणि विलासरावांचं विजेचं मोजमापाचं यंत्र, एवढंच मांडलं जाई. विलासराव स्नान करून, सोवळ्याचा नाही पण धुतलेला झब्बा घालून बाहेर आले आणि देवघराच्या दारात उभे राहिले.

पाटाच्या मधोमध गिटार होती. लखलखत होती. तारांवर उजेड असा नाचत होता, की जणू आजच खोक्यातून काढल्या आहेत. अंगावर हळदीकुंकवाची बोटं, मानेवर तांदळाच्या अक्षता आणि वरच्या टोकावरून सोडलेला झेंडूचा भरगच्च हार.

"हे..." विलासराव म्हणाले.

"पहाटे उठून केलं," वहिनी म्हणाल्या. त्या कौतुकाच्या अपेक्षेने नव्हे, पण थोड्या लाजून उभ्या होत्या. "देवीसमोर ठेवायची तर खरकटी कशी ठेवणार? ती सहाच्या सहा माणसं दोशाचे हात लावून जायची. आधी चिंचेच्या कोळाने घासल्या, मग लिंबू लावलं. काय मळ निघाला म्हणून सांगू. आणि खाली एक घाणेरडा स्पंज अडकलेला होता, तो टाकून दिला. कचऱ्याची गाडी नुकतीच गेली."

त्या एका वाक्यात एक महिना, सहा पेन्शनर आणि पाहुण्यांची गादी संपली. विलासरावांना ओरडावंसं वाटलं. पण वहिनी पुढे म्हणाल्या, "कधीपासून बघतेय, तुमचा जीव आहे हिच्यावर. मला काही त्यातलं कळत नाही. म्हटलं, निदान पूजा तरी करावी."

मग ओरडता येईना. माणसाला असं कोंडीत पकडण्याची वहिनींची ही पहिली वेळ नव्हती, पण इतक्या निष्पाप मनाने त्यांनी ते कधी केलं नव्हतं. विलासराव "छान झालंय" असं म्हणाले आणि गॅलरीत जाऊन तुळशीकडे बघत उभे राहिले. थोड्या वेळाने परत आले आणि आवाज शक्य तेवढा साधा ठेवून म्हणाले, "दुपारी निघायला हवं. पेटीत घालून ठेवतो."

"कुणाला?"

"गिटारला. संध्याकाळी कार्यक्रम आहे ना."

"अहो, पूजेतलं हत्यार आज कसं उचलणार?" वहिनींना खरंच नवल वाटलं. "उद्या दसऱ्याला उत्तरपूजा झाली की मग हलवायचं. मला वाटलं, तिथे असेल एखादी. नवमीला मी कुठे गायला गेले तर पेटी तिथलीच घेते की."

बेसच्या तारा तालमीने अंगवळणी पडाव्या लागतात, दुसऱ्याची गिटार म्हणजे दुसऱ्याची चप्पल, हे समजावण्यात अर्थ नव्हता. तनयला फोन केला. त्याने मित्रांना विचारलं. ज्यांच्याकडे बेस गिटार होती त्या सगळ्यांच्या आईंनीही ती पूजेला ठेवली होती. एकाची तर देवघरात कुलूप लावून ठेवली होती.

शेवटी प्रकरण नरसिंहरावांकडे गेलं. ते सोवळं नेसून, कपाळाला गंध लावून वर आले आणि पाटाभोवती एक फेरी मारून त्यांनी गिटारीची आणि कोपऱ्यातल्या अ‍ॅम्प्लिफायरची पाहणी केली.

"शास्त्र काय म्हणतं, अक्का? पुस्तक आणि शस्त्र आज उचलायचं नाही. सरी, बरोबर आहे. पण वाहन? माझ्या स्कूटरची पूजा सकाळी होते आणि लगेच लिंबावरून चालवतात. चालवावंच लागतं. ती पूजेचाच भाग."

"गिटार म्हणजे वाहन आहे का?" वहिनी म्हणाल्या.

"गिटार नाही." नरसिंहरावांनी अ‍ॅम्प्लिफायरकडे बोट दाखवलं. त्याला खाली चार चाकं होती. "पण ही त्याला वायरने जोडलेली. म्हणजे वाहनाचाच भाग झाली."

वहिनींनी बराच विचार केला. त्या धर्माच्या बाबतीत कडक होत्या, पण युक्तिवादाला मान देणाऱ्या होत्या. अखेर त्यांनी अट घातली: हार काढायचा नाही, हळदकुंकू पुसायचं नाही, पूजा मोडायची नाही. मग जिन्याच्या तोंडाशी चार लिंबं ठेवण्यात आली. विलासरावांनी गिटार गळ्यात घातली, वायर जोडली, आणि निवृत्त न्यायालयीन अधिकाऱ्याच्या साक्षीने नरसिंहरावांनी अ‍ॅम्प्लिफायर चारही लिंबांवरून पुढे ढकलला. तीन लिंबं चिरडली, चौथं घरंगळत एका बंद दारापर्यंत गेलं. हेमलताअक्कांनी फाटकाबाहेर कोहळा फोडला. हार चुरगळू नये म्हणून गिटार काळ्या पेटीत घातली नाही. गाडीत विलासराव तिला मांडीवर घेऊन बसले, आणि ज्याच्या स्वतःच्या गाडीला केळीचे दोन खुंट बांधले होते त्या चालकाला त्यात काहीही विशेष वाटलं नाही. वसाहतीच्या फाटकाशी तोच पहारेकरी होता. त्याने हार बघितला, कुंकू बघितलं, चप्पल काढली, हात जोडले आणि फाटक सताड उघडलं. यंत्रणेत काही नोंदवायचं त्याला सुचलंही नाही.

व्यासपीठावर मात्र देवाची मदत संपली. विलासरावांनी पहिला स्वर छेडला आणि मोठ्या स्पीकरमधून जे आलं ते ताट पडल्यासारखं होतं. ड्रम वाजवणारा विराट मागून वाकून म्हणाला, "अंकल, फार चमकतोय आवाज. थोडा दाबता येईल?"

गाणारी रंजिता तयार उभी होती. वसाहतीतल्या लहान मुलींचा गरबा नुकताच आटोपला होता आणि निवेदिका बँडचं नाव घेत होती. विलासरावांनी खिसे चाचपले. रुमाल होता, पण पातळ. फोम कचऱ्याच्या गाडीतून एव्हाना कुठे पोचला असेल ते सांगता येत नव्हतं. समोर तिसऱ्या रांगेत स्मितावहिनी रेशमी साडी नेसून बसल्या होत्या. विलासरावांची नजर खाली गेली. हार अजून भरगच्च होता. हार काढायचा नाही असं ठरलं होतं. सरकवायचा नाही असं कोणी म्हटलेलं नव्हतं.

त्यांनी हाराचं खालचं टोक उचललं आणि एकेक झेंडू घोडीजवळ चारही तारांखाली नीट कोंबला. पुन्हा स्वर छेडला. जाड. बसका. कुठेही न चमकणारा.

विराटने मोजून सुरुवात केली. विलासराव चालू लागले. रंजिता गात होती आणि ते तिच्या खाली होते, थबकत, तिला पुढे जाऊ देत, ती पडायच्या आत खाली उभे राहत. तर्जनी पिवळी झाली. दर ठोक्याला एक पाकळी उडत होती आणि पुढच्या रांगेतली मुलं ती वेचत होती. सगळ्यांचे फोन रंजितावर रोखलेले होते. तसंच असायला हवं होतं. तीन गाणी झाली, एकदाही पाऊल चुकलं नाही, आणि शेवटच्या गाण्यात एका जागी त्यांनी स्वर सोडून दिला तेव्हा ती मोकळी जागाही बरोबर त्या मापाची होती. विलासरावांना हे कळलं. दुसऱ्या कोणाला कळलं असेल असं त्यांना वाटलं नाही. टाळ्या जोरात पडल्या आणि तनयने सासऱ्यांच्या पाठीवर थाप मारून लगेच जीभ चावली.

परतीच्या वाटेवर गाडीत वहिनी भरभरून बोलत होत्या. रंजिता छान गायली. साडी नेसली असती तर आणखी शोभली असती. जरा नाकात आहे, पण रियाज केला तर जाईल. पुलाव बरा होता. भार्गवी वाळली आहे. विलासराव मांडीवरच्या गिटारीवर हात ठेवून ऐकत होते. आता बोलेल, मग बोलेल असं करता करता बाहेरचा वर्तुळरस्ता संपला, पुढचे सगळे सिग्नल संपले, राजाजीनगर आलं. वहिनी गाडीतून उतरल्या आणि म्हणाल्या, "आधी पाटावर ठेवा हं तिला, पूजा तशीच आहे." विलासरावांनी ठेवली. त्यांना फार वाईट वाटलं होतं. रुसण्याचं वय गेलं म्हणून ते रुसले नाहीत, एवढंच.

दसऱ्याच्या सकाळी वहिनींनी उत्तरपूजा केली, हत्यारांवर अक्षता टाकल्या आणि तोरण बांधायला स्टुलावर चढल्या. विलासराव खाली स्टूल धरून उभे होते आणि आंब्याची पानं वर देत होते. वहिनी दोरा गुंडाळताना काहीतरी गुणगुणत होत्या. विलासरावांचं आधी लक्ष नव्हतं. वहिनी नेहमीच काहीतरी गुणगुणत. मग त्यांचा हात पान देता देता थांबला.

रंजिताचं गाणं नव्हतं ते. शब्द नव्हते, वरची चाल नव्हती. वहिनी गळा पार खाली उतरवून, एरवी कधी गात नाहीत त्या पट्टीत, चालत होत्या. मध्येच थबकल्या, जागा सोडली, पुन्हा चालू लागल्या. आपण काय गुणगुणतोय याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांचं सगळं लक्ष दोऱ्याच्या गाठीकडे होतं.

दुसऱ्या ओळीत एक स्वर चुकत होता. दर वेळी तोच चुकत होता. विलासरावांनी उभ्या नोकरीत एकही चुकीची नोंद पुढे जाऊ दिली नव्हती, आणि ते दुरुस्त करायला तोंड उघडणारही होते.

"पानं द्या ना. काय बघत उभे राहिलात?" वहिनी म्हणाल्या.

विलासरावांनी तोंड मिटलं, पान वर दिलं आणि स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं. वहिनींनी जिथे सोडलं होतं तिथूनच पुन्हा सुरू केलं, त्या चुकलेल्या स्वरासकट.